पान गळण्याआधी झाड काय करते

वाचकाचे पत्र :

माझे वय ४६ आहे. वडिलांच्या दीर्घ आजारपणात अडीच वर्षे त्यांची सगळी शुश्रूषा मी एकटीने केली आणि त्यासाठी चालू नोकरीही सोडली. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून दिवस नुसते सरकत आहेत. नवे काही सुरू करावे असे वाटते, पण हात उचलत नाही. माझ्या तीन मैत्रिणींनी या हिवाळ्यातल्या पौर्णिमेला झाडाच्या साक्षीने ‘नवे होण्याचा’ एक विधी करायचे ठरवले आहे. बर्चच्या झाडाखाली जमायचे, सरलेल्या काळातले सगळे नकोसे कागदावर लिहून तो कागद झाडाच्या बुंध्याशी जाळायचा, खोडाला पांढरा दोरा घट्ट बांधायचा आणि पौर्णिमेच्या नेमक्या क्षणी ‘मी नवी झाले आहे’ असे तीनदा म्हणायचे, असे त्याचे स्वरूप आहे. हा विधी हजारो वर्षांपासून चालत आला आहे, म्हणून त्यात फेरफार करायचा नाही, असेही त्या सांगतात. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही; पण त्यांनी हे माझ्यासाठीच योजले आहे हे मला कळते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ती अडीच वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट वर्षे होती, तरी ती जाळावीत असे मला वाटत नाही, कारण त्यात बाबाही आहेत. शिवाय त्या सगळ्या काळात एकदाही राहायला न आलेल्या माझ्या भावावरचा राग कागद जाळल्याने जाईल असे मला वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर तो जावा असे अजून वाटतही नाही. मी जावे का? गेले तर काय करावे?

उत्तर :

‘कारण त्यात बाबाही आहेत’ हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. हा विधी ज्यांनी रचला त्यांना झाडाविषयी जे उमगले नाही, ते तुम्हाला झाडाकडे न पाहताच उमगले आहे. हिवाळ्याच्या तोंडावर झाड पाने टाकते हे खरे, परंतु भरलेले पान ते सहसा टाकत नाही. या मुद्द्याकडे मी सविस्तर येणार आहे, कारण माझे सगळे उत्तर त्यावरच उभे आहे. त्याआधी ‘हजारो वर्षांचा’ या शब्दांची गाठ सोडवणे भाग आहे. ती तशीच राहिली तर या विधीतले काहीही बदलण्याची मोकळीक तुम्हाला मिळणार नाही.

वर्षाचे तेरा भाग पाडून प्रत्येक भागाला एक झाड देणारे आणि त्यातला पहिला भाग बर्चला देणारे जे पंचांग ‘प्राचीन’ म्हणून फिरत असते, ते रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात मांडलेले आहे, आणि मैत्रिणींच्या विधीतला बर्च बहुधा तिथूनच आलेला आहे. त्याला आधार म्हणून त्याने ओघम ही लिपी घेतली. दगडांच्या कडांवर रेघा कोरून लिहिली जाणारी ही लिपी मुख्यतः आयर्लंडमध्ये आणि वेल्समध्ये आढळते आणि तिचे शिलालेख साधारणपणे चौथ्या ते सातव्या शतकातले आहेत. तिच्या पहिल्या अक्षराचे नाव ‘बेथ’, म्हणजे बर्च, हे अगदी खरे आहे. मात्र अक्षरांची नावे झाडांवरून असणे ही एक गोष्ट आणि त्या अक्षरांचे महिने करून त्यांवर वर्ष बसवणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट ग्रेव्ह्जच्या कल्पकतेची आहे. त्याचे महिने प्रत्येकी २८ दिवसांचे आहेत आणि बर्चचा महिना २४ डिसेंबरला सुरू होतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत मात्र सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, त्यामुळे ज्या पंचांगाच्या नावाने पौर्णिमेचा विधी सांगितला जातो, त्या पंचांगाची चंद्राच्या कलांशी गाठच पडत नाही. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात तर २४ डिसेंबरला ऐन उन्हाळा असतो, हा भाग वेगळाच.

हे सांगण्यात मैत्रिणींना खोटे पाडण्याचा हेतू नाही, आणि तुम्हीही ते त्यांच्यासमोर वाचून दाखवू नये. प्रत्येक विधी कधी तरी कोणी तरी पहिल्यांदा केलेलाच असतो. नवेपणामुळे त्याची किंमत कमी होत नाही. जुनेपणाचा दावा केला की मात्र माणसाची जीभ बांधली जाते, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे. ज्याचे मूळ एका कवीच्या कल्पनेत आहे, त्यात तुमच्या कल्पनेने भर घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

हिवाळ्यातल्या पौर्णिमेशी आणि झाडांशी बांधलेला खरोखर जुना दिवस पाहायचा असेल, तर तो ज्यू परंपरेत आहे. शेवात महिन्याची पंधरावी तिथी हे तिथे ‘झाडांचे नवे वर्ष’ मानले जाते. हिब्रू महिने अमावास्येनंतरच्या चंद्राने सुरू होत असल्यामुळे ही तिथी पौर्णिमेची असते आणि ती जानेवारीत किंवा फेब्रुवारीत येते. सुमारे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात तिचा उल्लेख आहे, आणि हा दिवस महिन्याच्या पहिल्या तिथीला धरावा की पंधराव्या, यावर शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरुपरंपरांचा मतभेदही तिथे नोंदलेला आहे. गंमत अशी, की हा दिवस मुळात भावनेचा नव्हताच, तो हिशेबाचा होता. झाडाला लागलेल्या फळांतला ठरावीक हिस्सा बाजूला काढायचा असे, आणि कोणते फळ कोणत्या वर्षाच्या खात्यात धरायचे हे ठरवण्यासाठी वर्षाची एक सीमारेषा लागत असे. जुन्या वर्षाच्या फळांचा हिस्सा नव्या वर्षाच्या फळांतून देता येत नसे. ही सीमारेषा भर हिवाळ्यात का आखली, याचे कारणही नोंदवलेले आहे : त्या भूमीत तोपर्यंत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. म्हणजे फांदीवर अजून काही दिसत नसले तरी पुढच्या फळाला लागणारे पाणी जमिनीत पोहोचलेले असते, आणि झाडाचे वर्ष तिथून मोजायचे. विधिपूर्वक फळे खाण्याची रीत आणि झाडे लावण्याची प्रथा या दिवसाला फार नंतर येऊन चिकटल्या.

एका समाजाचा दिवस उचलून आपल्या अंगणात मांडावा असे मी सुचवत नाही. त्यातली हिशेबाची कल्पना मात्र तुमच्या कामाची आहे. तुमच्या मैत्रिणींचा विधी तुम्हाला खातेवही जाळायला सांगतो आहे. तुम्हाला हवे आहे ते वर्षांची सीमा आखणे. त्या अडीच वर्षांचे जे आहे ते त्या वर्षांच्या नावावर राहू द्यावे आणि त्याची भरपाई पुढच्या वर्षांतून करत बसू नये, इतकेच या रात्री ठरवता आले तरी खूप झाले.

आता पानाकडे येते. दिवस लहान होऊ लागले की पानझडी झाड सर्वांत आधी पानातला ऐवज परत घेऊ लागते. हरितद्रव्य मोडले जाते आणि पानातल्या प्रथिनांसारख्या घटकांतून सुटलेला नत्र आणि स्फुरद ही द्रव्ये देठावाटे फांदीत, खोडात आणि मुळांत ओढून घेतली जातात. पानातल्या नत्राचा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग असा वाचवला जातो. शरदातले पिवळे रंग म्हणजे हिरवे निघून गेल्यावर मागे उरलेली, आधीपासून तिथेच असलेली रंगद्रव्ये होत. हे चालू असतानाच देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, जिथून पान सुटायचे असते, आणि त्याच्या आतल्या बाजूला बुचासारखा दुसरा थर धरतो, जो पान सुटल्यावर उघडी पडणारी जागा बंद करतो. मग वाऱ्याची एखादी झुळूक पुरते. आपण पाहतो ते पान गळणे हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग असतो. आधीचे कित्येक आठवडे झाड काय परत घ्यायचे ते घेत असते आणि कुठे बंद करायचे ते बंद करत असते.

तुमच्या मैत्रिणींचा विधी हा मधला सगळा काळ गाळून थेट शेवटावर उडी मारतो. नकोसे लिहा आणि जाळा! त्या अडीच वर्षांतून तुम्ही अजून काही परत घेतलेलेच नाही, तर टाकणार काय? एखाद्या आजारी माणसाची रात्रंदिवस सेवा केलेल्या माणसाकडे पुष्कळ काही जमा झालेले असते. कोणत्या आवाजात बोलले की घाबरलेला जीव शांत होतो, आपल्याला किती झोपेवर दिवस काढता येतो, वडील शेवटी शेवटी कशावर हसले, आपण त्यांच्यावर कधी ओरडलो आणि नंतर काय केले, हे सगळे त्या काळाच्या पानात अजून तसेच आहे. ते हिरवे पान आहे. हिरवे पान ओढून तोडले तर ऐवज जातो आणि बुचाचा थर धरण्याआधीच जागा उघडी पडते, म्हणून तुमचा हात अडला आहे. याला नवे काही सुरू करण्याची अनिच्छा समजू नका.

आणखी एक गोष्ट, जी या विधीच्या सूचनांत कुठे येत नाही. काही झाडे वाळलेले पानही टाकत नाहीत. ओक आणि बीच या झाडांच्या कोवळ्या रोपांवर, तसेच मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्यांवर, तपकिरी होऊन गेलेली पाने सगळा हिवाळा लटकून राहतात. त्यांचा सुटण्याचा थर शरदात पुरा होत नाही आणि वसंतात नवे डोळे, म्हणजे पालवीचे कोंब, फुगू लागले की मग ती पडतात. या झाडांना कोणी आळशी म्हणत नाही. भावावरचा तुमचा राग मला या जातीचा वाटतो. तो वाळलेला आहे, त्यातून तुम्हाला काही मिळत नाही हेही बहुधा तुम्हाला ठाऊक आहे, तरी तो अजून सुटत नाही. तो सुटावा म्हणून पौर्णिमेच्या रात्री फांदी हलवत बसू नका. माझे याबाबतचे मत थोडे कठोर आहे, पण सांगते : अडीच वर्षांत एकदाही न आलेल्या भावाचा राग येणे हे दुखणे नाही, तो हिशेबातला एक खरा आकडा आहे. तो लिहून ठेवा आणि जुन्या खात्यातच ठेवा. भावाशी बोलायचे झालेच तर ते त्या वर्षांविषयी, नेमके आणि थोडक्यात बोलावे, आणि त्यासाठी ही रात्र निवडू नये. तोवर त्या रागासाठी येत्या वर्षातले किती दिवस द्यायचे, हे मात्र तुमच्या हातात आहे.

या विधीचे सगळे लक्ष टाकण्याकडे आहे, म्हणून फांदीवर आधीपासून काय बसलेले आहे हे पाहायचे राहून जाते. पौर्णिमेच्या आधी एखाद्या दिवशी उजेड असताना कोणत्याही पानझडी झाडाची डहाळी जवळून पाहा. पान जिथून सुटले तिथे एक लहानसा, बहुधा अर्धचंद्राकृती वण दिसेल, आणि त्या वणाच्या अगदी वर, जवळजवळ त्याला टेकून, एक डोळा असेल. हा डोळा हिवाळ्यात तयार झालेला नसतो. मागच्याच उन्हाळ्यात, ते पान हिरवे असताना, त्याच्या बगलेत तो धरलेला असतो, आणि खवल्यांच्या आड पुढच्या पालवीची सुरुवात घडी घालून बसलेली असते. येणाऱ्या वर्षाची तयारी गेल्या वर्षाच्या पानाने केलेल्या अन्नावर झालेली असते. तुम्ही लिहिता की नवे काही सुरू करवत नाही. मी विचारते की त्या अडीच वर्षांत, सगळ्या धावपळीत, कशाचा डोळा धरला होता? रात्रीच्या जागरणात काही वाचायची सवय लागली असेल, एखादे काम शिकावे असे मनात येऊन गेले असेल, कोणा अनोळखी माणसाशी दवाखान्याच्या बाकावर बसून नीट बोलता येते असे आढळले असेल. नवेपण बाहेरून आणायचे असते अशी समजूत करून घेतल्यामुळे या गोष्टी आपण मोजत नाही.

डोळा आहे म्हणून तो लगेच फुटेल असेही नाही, आणि फुटूही नये. समशीतोष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांना ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय पालवी फुटत नाही. साधारण ० ते ७ अंश सेल्सियस तापमानात काढलेले तास झाड जणू मोजत असते. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे सुमारे ८०० ते १००० तास लागतात. ही थंडी पुरी होण्याआधी झाडाला उबदार जागी ठेवले तरी ते नीट फुटत नाही, आणि थंडी पुरी झाल्यावर मधेच चार दिवस ऊब आली म्हणून एखादे झाड घाईने फुटले, तर पुढची कडाक्याची रात्र ती कोवळी पालवी जाळून टाकते. वडील जाऊन तुम्हाला अजून वर्षही झालेले नाही. दिवस ‘नुसते सरकत आहेत’ असे तुम्ही लिहिले आहे. ते नुसते सरकत नसून मोजले जात आहेत, अशी शक्यता माझ्या दृष्टीने अधिक आहे. मात्र झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, खाणे तुटले असेल, रोजची कामेही होत नसतील किंवा आपण नसलेलेच बरे असे विचार येत असतील, तर या पौर्णिमेची वाट न पाहता डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या थंडीचे स्वरूप वेगळे असते आणि तिच्यावर उपचार असतात.

झाड बर्चच हवे का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : नको. बर्चची निवड वाईट मुळीच नाही. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर युरोपात बर्फ मागे हटत गेला तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांत आधी पोहोचलेल्या झाडांत बर्च होता. त्याचे पंख असलेले हलके बी वाऱ्यावर दूर जाते आणि त्याचे रोप उजाड जागी धीटपणे उभे राहते. बर्च आणि आपला भूर्ज हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, हेही मला मोठे आवडते, कारण ज्याच्या सालीवर माणसांनी लिहिले त्याच कुळातल्या झाडाखाली तुम्हाला लिहायला सांगितले जात आहे. तरीही जे झाड तुम्ही रोज पाहू शकता आणि ज्याला पालवी फुटताना पाहायला तुम्ही जाऊ शकाल, तेच तुमचे झाड. ते सदाहरित असेल तरी चालेल. ती झाडेही पाने टाकतात, फक्त एकदम टाकत नाहीत.

बुंध्याशी जाळायचे आणि घट्ट दोरा बांधायचा, या दोन गोष्टींना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या लगेच आतल्या थरातून, आणि खोडाची जाडी वाढवणारा जिवंत थरही तिथेच, काही मिलिमीटर आत असतो. बर्चची साल पातळ आणि चटकन पेट घेणारी असते, त्यामुळे बुंध्याशी केलेली आग त्या थराला इजा करू शकते. घट्ट बांधून विसरलेला दोरा खोड जाड होत गेले की सालीत रुततो आणि अन्नाची वाट आवळतो. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला, आणि झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही हे दाखवून दिले. जखमी लाकूड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. झाड त्याच्याभोवती आतून भिंती घालते, कूज तिथेच अडवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत जाते. ती जखम झाड असेपर्यंत आत असते. नवे होण्याचे प्रतीक म्हणून ज्याच्याकडे जायचे त्यालाच अशी एक कायमची जखम देऊन यायचे, हे मला पटत नाही. आणि ‘मी नवी झाले आहे’ या वाक्याविषयीची माझी शंकाही इथूनच येते. झाड दर वर्षी नवे वलय धरते, पण जुने एकही वलय टाकत नाही. कोरड्या वर्षाचे अरुंद वलय आतल्या बाजूला तसेच राहते आणि पुढचे वलय त्याच्यावरच उभे राहते. तुम्ही नव्या झालेल्या नाही, तुम्हाला एक वलय अधिक आले आहे, आणि ते अरुंद आहे. हे म्हणायला काही हरकत नाही, पण ते मोठ्याने तीनदा म्हणण्यासारखे वाक्य नव्हे.

‘नेमक्या क्षणी’ हा आग्रह सोडून द्या. पौर्णिमेचा शास्त्रीय क्षण भर दुपारीही येऊ शकतो, आणि त्याच्या आधीच्या नि नंतरच्या रात्रीही चंद्र डोळ्याला पूर्णच दिसतो. चंद्रप्रकाशाने मनातले काही आपोआप सुटते असे मानण्यासही मला आधार दिसत नाही. तरी ही रात्र निवडण्यात शहाणपण आहे. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य जितका खालून जातो तितका पूर्ण चंद्र उंचावरून जातो आणि लांब रात्रभर वर राहतो. विषुववृत्तापासून दूर राहणाऱ्यांना हा फरक अधिक ठळक दिसतो. निष्पर्ण झाडाच्या फांद्यांची सगळी रचना त्या उजेडात जमिनीवर उतरते, आणि पानांनी भरलेल्या झाडात जे कधी दिसत नाही ते दिसते. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा नाही, जेमतेम एक दशांश प्रकाश देतो, म्हणून हे पाहायला पौर्णिमेच्या आसपासचेच दिवस लागतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला साधारण अर्धा तास जातो आणि एकदा फोन पेटवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मैत्रिणींकडून फक्त एक गोष्ट कबूल करून घ्या : अर्धा तास दिवा नाही, मेणबत्ती नाही, फोन नाही.

लिहिण्याचे काम त्या रात्री करू नका, आधीच करा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटनाही लिहिल्या आणि त्यांविषयी काय वाटले तेही लिहिले, ते पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम एकंदरीत लहान आढळला, आणि लिहून उठल्यावर लगेच बरे वाटण्याऐवजी बहुधा वाईटच वाटते, हे आधी माहीत असलेले बरे. पौर्णिमेच्या आधीचे चार दिवस तुम्ही असे लिहा. वडिलांविषयी, नोकरीविषयी, भावाविषयी, जे येईल ते. पाचव्या दिवशी ते सगळे वाचून त्यातून जे परत घ्यायचे आहे ते दुसऱ्या कागदावर उतरवून काढा : एखादे वाक्य, एखादी सवय, एखादा प्रसंग, एखादा धरलेला डोळा. हा कागद घरी ठेवायचा. असे उतरवून घेतल्यावर पहिल्या पानांपैकी काही पाने तुम्हाला रिकामी वाटतील. औषधांच्या वेळा, बिलांची कटकट, कोणी तरी सहज टाकलेला आणि अजून आठवणारा एखादा टोमणा, असे काही त्यांवर असेल. तेवढीच पाने त्या रात्री सोबत न्या आणि झाडापासून दूर, पाणी हाताशी ठेवून, एखाद्या धातूच्या भांड्यात जाळा. एकही पान रिकामे वाटले नाही तर काहीही जाळू नका. तुमच्या जवळ तेव्हा ओकची फांदी असेल, इतकेच.

या रात्रीने काही बदलेल का, असा तुमचा न विचारलेला प्रश्न उरतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की आठवड्याची, महिन्याची किंवा वर्षाची सुरुवात अशा सीमारेषांच्या जवळ माणसे संकल्पाच्या कामांना अधिक संख्येने हात घालतात. सीमारेषा धक्का देते. पुढे चालायचे पाय आपलेच असतात. म्हणून मी तुम्हाला त्या रात्री संकल्प करायला सांगणार नाही. त्याऐवजी पुढच्या पौर्णिमेला, म्हणजे साधारण ३० दिवसांनी, त्याच झाडापाशी एकटीने जा आणि तोच डोळा पाहा. त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही जा. ज्या महिन्यात तो फुगलेला दिसेल, त्या महिन्यात घरी ठेवलेला कागद काढून त्यातली एकच गोष्ट हाती घ्या, आणि ती लहानात लहान निवडा.

तेव्हा तुम्ही जाच. तीन माणसे तुमच्यासाठी थंडीत बाहेर उभी राहायला तयार आहेत, ही गोष्ट मला त्या विधीतल्या कोणत्याही प्रतीकापेक्षा मोठी वाटते. त्यांना आधीच एवढेच सांगा, की झाडाला इजा होऊ नये म्हणून दोरा सैल बांधून निघताना सोडवून घेऊ आणि आग बाजूला करू. झाडावर प्रेम असणारी माणसे यावर वाद घालत नाहीत. बाबांविषयी बोलावेसे वाटले तर त्या अर्ध्या तासाच्या अंधारात बोला, कारण चेहरे दिसत नसले की माणसे अधिक नीट ऐकतात. आणि ‘मी नवी झाले आहे’ असे म्हणायची वेळ आली की त्या तिघींना म्हणू द्या आणि तुम्ही गप्प राहा. कोणाच्या लक्षातही येणार नाही.